करांचे टप्पे गणिताने ठरवता येतील का?

आकडेमोड

मी ऑप्टिमायझेशनचं काम करतो. कुठल्या कारखान्यातून कुठल्या गोदामाला किती सिमेंट पाठवायचं, ट्रक किती लागतील, एखादी अट सैल केली तर खर्च कितीने उतरेल, असली कामं. या कामाला एक शिस्त लागते. आपल्याला नक्की काय साधायचंय ते आधी लिहून काढायचं. काय मोडून चालणार नाही ते त्याखाली लिहायचं. त्यानंतरच संगणकाला कामाला लावायचं.

हीच शिस्त आयकराला का लावत नाहीत, हा प्रश्न मला २०२५ च्या अर्थसंकल्पापासून छळतोय. नव्या प्रणालीत ४ लाखांपर्यंत शून्य, ४ ते ८ ला ५ टक्के, ८ ते १२ ला १०, १२ ते १६ ला १५, १६ ते २० ला २०, २० ते २४ ला २५ आणि पुढे ३०. दिसायला सरळ चढण. पण १२ लाखांपर्यंत ६०,००० चा रिबेट (करातली सूट) असल्यामुळे तिथवर प्रत्यक्षात कर शून्य, आणि १२ लाख ओलांडले की तो रिबेट नाहीसा. एका रुपयापायी ६०,००० अंगावर येऊ नयेत म्हणून मार्जिनल रिलीफ दिला आहे: १२ लाखांच्या वर जेवढं उत्पन्न, कर फार तर तेवढाच.

आता हिशोब करा. १२ लाखांच्या वर क्ष रुपये मिळाले, तर एरवीचा कर ६०,००० अधिक क्ष चे १५ टक्के. क्ष ७०,५८८ होईपर्यंत ही रक्कम क्ष पेक्षा मोठीच राहते. म्हणजे १२,००,००० ते १२,७०,५८८ या पट्ट्यात मिळालेला प्रत्येक रुपया पुरता करात जातो. वर ४ टक्के सेस (उपकर). रुपया कमवा, १ रुपया ४ पैसे भरा. पगारदारांना ७५,००० चं स्टँडर्ड डिडक्शन मिळतं, म्हणून त्यांचा पट्टा १२,७५,००० पासून १३,४५,५८८ पर्यंत.

वरच्या टप्प्याचा दर ३० टक्के आणि तेरा लाख पगारवाल्याच्या पुढच्या रुपयावर १०४ टक्के! ठरवून असं कुणीच करणार नाही. टप्पे एका हेतूने आले, रिबेट दुसऱ्या, रिलीफ तिसऱ्या. सगळ्यांचा मिळून काय परिणाम होतो हे कुणी एका कागदावर मांडलं नाही, एवढंच.

तर प्रश्न असा: करप्रणाली हा ऑप्टिमायझेशनचा प्रश्न म्हणून मांडता येईल का? मांडला तर अडेल कुठे? मला वाटतं मांडता येतो, आणि मांडायलाच हवा. तुमचे अनुभव आणि आक्षेप दोन्ही हवेत.

कटिंगचहा

आमच्या एचआरने यंदाची पगारवाढ बरोब्बर त्या पट्ट्यात बसवली आहे. वाढ माझी, आनंद सरकारचा.

सांगलीकर_सीए

आकडेमोड, हिशोब बरोबर आहे. या पट्ट्यातले पगारदार फेब्रुवारी-मार्चमध्ये हमखास विचारतात, "बोनस पुढच्या वर्षी घेता येईल का?" ज्यांच्या कंपनीत सोय आहे त्यांना मी एनपीएसमधला (राष्ट्रीय पेन्शन योजनेतला) कंपनीचा हिस्सा वाढवून घ्यायला सांगतो. नव्या प्रणालीतही मूळ पगाराच्या १४ टक्क्यांपर्यंत त्याची वजावट मिळते, आणि माणूस सरळ १२ लाखांच्या खाली येतो. ज्यांच्या कंपनीत ही सोय नाही ते अडकतात. पगार तोच, काम तेच, केवळ कंपनीच्या धोरणामुळे करात फरक. मला हे १०४ टक्क्यांपेक्षा जास्त खुपतं.

आणि नवी प्रणाली तरी बरी म्हणायची. जुन्या प्रणालीत करपात्र उत्पन्न ५,००,००० असेल तर कर शून्य, आणि ५,००,०१० झालं की सेससकट सुमारे १३,०००. तिथे मार्जिनल रिलीफही नाही. दहा रुपयांपायी तेरा हजार.

जुन्या लोकांना १९७३-७४ आठवत असेल. सर्वांत वरचा दर ८५ टक्के, त्यावर १५ टक्के अधिभार, म्हणजे ९७.७५ टक्के. शेवटच्या रुपयातले सव्वादोन पैसे हातात. वांछू समितीने १९७१ मध्येच सांगितलं होतं की असे दर काळा पैसा वाढवतात. १९७४-७५ ला दर ७७ वर आला, १९८५ मध्ये ५० वर, १९९७ मध्ये १०-२०-३० झाले. यातला कुठलाही आकडा समीकरणातून आलेला नाही. पैसा आणि राजकारण बघूनच ठरले.

रानजाई

धागा आवडला, पण मूळ मांडणीवरच आक्षेप आहे. "काय साधायचंय ते लिहून काढायचं" हे तुम्ही एका वाक्यात उरकलंत. ते लिहिणार कोण? सिमेंटच्या गोदामाला मत नसतं. खर्च कमी करा म्हटलं की भागतं. करात कुणाच्या रुपयाला किती वजन द्यायचं हाच तर सगळा झगडा आहे. तो गणितात लपवला की निर्णय दिल्लीतल्या चार तज्ज्ञांनी घेतला आणि आपल्याला सांगितलं "संगणकाचं उत्तर आहे", असं होईल. मला त्याची भीती वाटते.

दुसरं, इथे सगळे १२ लाखांवर बोलताय. आमच्या ऑफिसात स्वागतकक्षात बसणाऱ्या मुलीचा पगार २५,००० च्या आत आहे, म्हणून २०२३ पासून तिला व्यवसाय कर नाही. पगार २५,००० च्या वर गेला की महिन्याला २००, फेब्रुवारीत ३००. तिला शंभर रुपयांची वाढ मिळाली तर पगार घटेल. भिंत तिच्यासमोरही आहे, फक्त तिच्यावर धागे निघत नाहीत.

सांगलीकर_सीए

रानजाई, व्यवसाय कराचा मुद्दा अगदी बरोबर. वर्षाला २,५०० ही कमाल मर्यादा घटनेच्या कलम २७६ मध्ये आहे आणि १९८८ पासून ती बदललेलीच नाही. त्यामुळे २६ हजारवाली आणि २६ लाखवाला दोघेही २,५०० च भरतात. हा कर १९७५ मध्ये रोजगार हमीसाठी आला, हेतू चांगला होता.

खडूफळा

अर्थशास्त्र शिकवतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. आकडेमोड यांनी विचारलेला प्रश्न जवळपास शंभर वर्षं जुना आहे, आणि त्याची उत्तरं मजेशीर आहेत.

१९२७ साली केंब्रिजमधल्या फ्रँक रॅमसेने, वय वर्षे २४, अर्थशास्त्रज्ञ पिगूच्या सांगण्यावरून हा प्रश्न घेतला: सरकारला ठराविक रक्कम वस्तूंवरच्या करातून उभी करायची आहे, तर लोकांचं कमीत कमी नुकसान होईल असे दर कोणते? ढोबळ उत्तर असं की भाव वाढला तरी ज्याची मागणी फारशी घटत नाही, त्यावर जास्त कर लावा.

आयकराचा प्रश्न याहून अवघड. विल्यम विक्रीने तो १९४५ मध्ये मांडला, जेम्स मिरलीसने १९७१ मध्ये सोडवला. अडचण ही, की सरकारला माणसाची कुवत दिसत नाही, फक्त उत्पन्न दिसतं. जास्त कुवतीचा माणूस कमी काम करून कमी उत्पन्नवाल्यांच्या रांगेत येऊन बसू शकतो. म्हणून अट अशी घालायची, की कर असा असावा की कुणालाही दुसऱ्याचं सोंग घेण्यात फायदा दिसू नये. सगळं गणित या एका अटीभोवती फिरतं. सांगलीकरांचे पगारदार फेब्रुवारीत जे विचारतात, तेच हे.

मिरलीस मजूर पक्षाच्या विचारांचा होता. गणितातून श्रीमंतांवर जड कर निघेल अशी त्याची अपेक्षा होती. आकडे घालून पाहिल्यावर दर निघाले बरेच खालचे आणि जवळजवळ एकसारखे, आणि त्याने ते तसेच छापले. म्हणून मला हा माणूस आवडतो. १९९६ चं नोबेल विक्री आणि मिरलीस या दोघांना मिळालं. विक्री घोषणेनंतर तीनच दिवसांत वारला.

पुढे पीटर डायमंड आणि इमॅन्युएल साएझ यांनी हेच गणित मोजता येतील अशा राशींत आणलं. सर्वांत वरचा दर किती? एक भागिले (एक अधिक 'अ' गुणिले 'ल'). 'अ' म्हणजे वरच्या उत्पन्नांची शेपटी किती वेगाने निमुळती होते, आणि 'ल' म्हणजे दर बदलला की दाखवलेलं उत्पन्न किती हलतं. २०११ मध्ये त्यांनी अमेरिकेसाठी 'अ' दीड आणि 'ल' पाव धरला. उत्तर ७३ टक्के. आता 'ल' पाव ऐवजी अर्धा धरा, उत्तर ५७. एक धरा, ४०.

रानजाईंचा आक्षेप इथे लागू होतोच, पण त्याच्या जोडीला दुसराही आहे. वजनं कुणाची यावर भांडण होतं ते होतंच. 'ल' किती यावरही तेवढंच होतं. आणि 'ल' निसर्गाने दिलेला आकडा नाही. पळवाटा बुजवल्या की तो कमी होतो.

रानजाई

खडूफळा, फार छान समजावलंत. मग भांडण दरावर न करता पळवाटांवर करायला हवं, असंच ना?

खडूफळा

आधी पळवाटांवर, मग दरावर. अगदी हेच.

पिंपळपार

रॅमसेचं वाचून मीठ आठवलं. मागणी न घटणारी वस्तू म्हणजे मीठच की! इंग्रज सरकार नेमकं तेच करत होतं. १८८८ पासून मणामागे अडीच रुपये. गोखल्यांनी १९०२ साली कायदेमंडळातल्या आपल्या पहिल्याच अर्थसंकल्पीय भाषणात सरकारला धरलं, की तिजोरीत शिल्लक पडतेय आणि गरिबाच्या मिठावर एवढा कर कशाला. १९०३ मध्ये तो दोन रुपयांवर आला, १९०५ मध्ये दीड, १९०७ मध्ये एक. आणि रॅमसे जानेवारी १९३० मध्ये गेला, वयाच्या २६ व्या वर्षी. त्यानंतर दोनच महिन्यांत दांडीयात्रा निघाली, आणि मे महिन्यात आमच्या शिरोड्याला मिठागरांवर सत्याग्रहींनी लाठ्या खाल्ल्या.

खडूफळा, तुमच्या गणितात मिठाचा सत्याग्रह बसतो का? मी मनापासून विचारतोय.

खडूफळा

बसतो, आणि हाच प्रश्न विचारायला हवा होता. रॅमसेने सगळ्या लोकांना एकच माणूस धरलं होतं. गरीब-श्रीमंत भेदच नाही. डायमंडने १९७५ मध्ये तो भेद घातला, आणि ज्या वस्तूवर गरिबाच्या खर्चाचा मोठा वाटा जातो तिथला कर खाली ओढला गेला. मीठ सुटलं. गोखले सांख्यिकी घेऊन उभे राहिले तेव्हा रॅमसे जन्मलाही नव्हता, हे मात्र अभिमानाने सांगावंसं वाटतं.

खर्चीवाला

इचलकरंजीतून. आमचा आयकराशी संबंध थोडा, पण चुकीच्या रचनेचा कर म्हणजे काय ते आम्हाला विचारा.

आमच्याकडे सूटिंगच्या कापडाला पॉलिएस्टर सूत लागतं. जीएसटी आला तेव्हा सुतावर कर जास्त, ग्रे (न रंगवलेल्या) कापडावर ५ टक्के. २०२५ पर्यंत सूत १२ आणि कापड ५ होतं. म्हणजे सूत घेताना भरलेला कर कापड विकताना वसूलच होत नाही, क्रेडिट साठत जातं. सुरुवातीला कापडाला त्या साठलेल्या क्रेडिटचा परतावाच नव्हता. तो १ ऑगस्ट २०१८ पासून सुरू झाला, आणि त्याआधीचं क्रेडिट गेलं असं सांगितलं. ते प्रकरण गुजरात उच्च न्यायालयापर्यंत गेलं.

ज्याच्याकडे सूत, सायझिंग, माग सगळं एका छताखाली, त्याला फारसा फरक पडला नाही. बाहेरून सूत घेऊन विणणारा अडकला, आणि खर्चीवर मजुरीने विणणाऱ्याचं काम कमी झालं. कराने कुणाला जगवायचं आणि कुणाला बुडवायचं ते ठरवलं, आणि ठरवणाऱ्याच्या ते गावीही नव्हतं.

२२ सप्टेंबर २०२५ पासून सूतही ५ वर आलं. आठ वर्षं लागली. आकडेमोडदादा, तुमच्या संगणकाला हे किती वेळात दिसलं असतं?

आकडेमोड

खर्चीवाला, लगेच दिसलं असतं. कच्च्या मालावरचा दर पक्क्या मालाच्या दरापेक्षा जास्त नको, ही एका ओळीची अट आहे. सगळ्या वस्तूंच्या जोड्यांना ती लावून कुठे मोडते ते तपासायचं. यासाठी तर ऑप्टिमायझेशनही नको, साधी चाळणी पुरते. म्हणूनच तुमचा प्रतिसाद वाचून वाईट वाटलं.

खडूफळा

याचंही प्रमेय आहे. डायमंड आणि मिरलीस, १९७१: उत्पादनाच्या साखळीत मधल्या मालावर कर राहू देऊ नका, शेवटच्या ग्राहकावर लावा. मध्ये कर राहिला की कारखाने कराच्या सोयीने रचले जातात, कामाच्या सोयीने नाही. खर्चीवाला यांनी इचलकरंजीत पाहिलं ते हेच.

पिंपळपार

अवांतर: मधल्या मालावरचा कर म्हणजे जकात! मुलुंड नाका आणि दहिसर नाका ज्यांनी ट्रकच्या केबिनमधून पाहिलाय, त्यांना हे प्रमेय वाचावं लागत नाही. नाशिकहून निघालेला माल मुंबईच्या वेशीवर तासन्‌तास उभा. नाक्याच्या अलीकडे गोदामं उभी राहिली ती व्यापाराच्या गरजेने नव्हे, नाका चुकवायला. मुंबईची जकात १ जुलै २०१७ ला जीएसटीबरोबर गेली.

कटिंगचहा

अवांतरावर अवांतर: डिसेंबर २०२४ मधलं पॉपकॉर्न विसरलात? खारे सुटे ५ टक्के, पाकीटबंद १२, कॅरमेलवाले १८. अर्धं गोड अर्धं खारं घेतलं तर सीए सोबत न्यावा लागला असता.

सांगलीकर_सीए

आम्ही आलो असतो. फी पॉपकॉर्नमध्ये.

टेम्सकाठी

लंडनहून. भिंती फक्त भारतात आहेत असं समजू नका. इथे १ लाख पौंडांच्या वर उत्पन्न गेलं की दर दोन पौंडांमागे एक पौंड करमुक्त भत्ता कापला जातो. भत्ता १२,५७० चा, म्हणून १,२५,१४० पर्यंत हे चालतं. दर ४० टक्के असं लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात ६०, नॅशनल इन्शुरन्स धरून ६२. त्यावर गेलात की पुन्हा ४५.

खरा धक्का लहान मूल असणाऱ्यांना. इंग्लंडमध्ये पाळणाघराचे ३० तास सरकार देतं, शिवाय मुलामागे वर्षाला २,००० पौंडांपर्यंतची मदत. आईबापांपैकी एकाचंही उत्पन्न १ लाखाच्या एक पौंड वर गेलं की दोन्ही बंद. दोघांचे ९९-९९ हजार असले तरी मिळतं, एकाचे १ लाख १ हजार आणि दुसऱ्याचे वीस असले तर नाही. आमच्या ओळखीतली एक डॉक्टर याच कारणाने आठवड्याचे चारच दिवस काम करते. रुग्ण थांबलेत, तिलाही पाचवा दिवस हवाय, पण घरात तो तोट्यात जातो. करातून येणारे पैसे गेले, कामही गेलं, मदत मात्र चालूच राहिली. कुणाचंच भलं नाही.

नेकरकाठ

स्टुटगार्टहून. आकडेमोड, तुम्हाला जर्मन आयकर कायदा आवडेल. इथे कायद्याच्या मजकुरातच वर्गसमीकरण छापलेलं आहे! १९५८ पासून टप्पे नाहीत, सूत्र आहे. २०२५ साठी १२,०९६ युरोपर्यंत शून्य, मग पुढच्या रुपयावरचा (युरोवरचा) दर १४ टक्क्यांपासून हळूहळू चढत साधारण ६८,५०० ला ४२ होतो. सुरुवातीच्या भागात चढ जास्त तीव्र आहे, मध्यमवर्गाला तो जड जातो आणि त्यावर इथे दर निवडणुकीत बोललं जातं. पण तिथवर उडी कुठेच नाही. वर्गसमीकरण आहे म्हणून लोकांचं काही अडत नाही. कॅल्क्युलेटर सगळ्यांकडे आहे.

तरीही सगळं आलबेल नाही. नवराबायकोचं उत्पन्न एकत्र करून, निम्मं करून कर काढतात. ज्याचं कमी त्याला पहिल्या युरोपासून जोडीदाराच्या बरोबरीचा दर बसतो. मी इथे आल्यावर नोकरी सुरू केली तेव्हा मला पाचव्या करवर्गात टाकलं. पहिली पगारपत्रिका बघून वाटलं घरीच बसावं. बऱ्याच जणी अर्धवेळच राहतात. भारतात प्रत्येकाचा कर वेगळा, हे किती शहाणपणाचं आहे ते इकडे आल्यावर कळलं.

खडूफळा

बॉस्किन आणि शेशिन्स्की यांनी १९८३ मध्ये हेच काढलं होतं: कुटुंबातल्या दुसऱ्या कमावत्या व्यक्तीचं काम कराला जास्त हलतं, म्हणून तिच्यावरचा दर कमी हवा. जर्मनी नेमकं उलटं करतो.

रानजाई

नेकरकाठ, हा प्रतिसाद मी जपून ठेवणार आहे. पतीपत्नींचं एकत्र विवरणपत्र आपल्याकडेही हवं, असं कुणी म्हणालं की दाखवायला.

कोडवाला

२०२० मध्ये सेल्सफोर्सच्या संशोधकांनी 'एआय इकॉनॉमिस्ट' नावाचा प्रयोग केला होता. संगणकात छोटं जग, त्यात माणसांच्या जागी शिकणारे प्रोग्राम. ते लाकूड-दगड गोळा करतात, घरं बांधतात, कर भरतात. करांचे दरही दुसरा प्रोग्राम शिकून ठरवतो. समता आणि उत्पादन यांचा गुणाकार साएझच्या सूत्रापेक्षा चांगला आला असं त्यांनी म्हटलं.

पण मला त्यातलं वेगळंच आवडलं. कुणी न शिकवता ते प्रोग्राम कर चुकवायला शिकले! एका वर्षी जास्त कमवायचं, पुढच्या वर्षी कमी दाखवायचं, म्हणजे सरासरीने कर कमी.

सांगलीकर_सीए

"बोनस पुढच्या वर्षी घेता येईल का?" प्रोग्रामलाही हेच सुचलं म्हणा.

एक गंभीर मुद्दा. माझे ग्राहक दोन प्रकारचे. पगारदाराचा टीडीएस कापूनच येतो, त्याला हलायला जागा नाही. व्यावसायिकाला जागा भरपूर. मालाच्या व्यापाऱ्याला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, आणि ३९ लाख उलाढालीची दुकानं किती असतात ते बाजारात बसलेल्याला माहीत आहे. दोघांसाठी खडूफळांचा 'ल' एक कसा असेल?

खडूफळा

नसतोच. पाकिस्तानच्या विवरणपत्रांवर क्लेवेन आणि वसीम यांचा २०१३ चा अभ्यास आहे. तिथे टप्पा ओलांडला की सगळ्या उत्पन्नावर वरचा दर लागायचा. प्रत्येक टप्प्याच्या जरा अलीकडे विवरणपत्रांची गर्दी, पलीकडे खड्डा, आणि धंदेवाल्यांमध्ये हे पगारदारांपेक्षा कितीतरी ठळक. त्या गर्दीवरूनच त्यांनी 'ल' मोजला. म्हणजे वाईट रचलेला कर निदान मोजमापाला तरी उपयोगी पडतो.

आकडेमोड

सगळे प्रतिसाद दोनदोनदा वाचले. मूळ प्रश्नाकडे येतो, कारण मधल्या काळात मी मांडणी करून पाहिली.

मिरलीससारखा पूर्ण प्रश्न घेतला नाही. रानजाई आणि खडूफळा म्हणतात ती दोन भांडणं, वजनं आणि 'ल', मुद्दाम बाजूला ठेवली. लोक आहे तेवढंच कमावतील असं धरलं आणि फक्त अटी लिहिल्या:

पहिली, १२ लाखांपर्यंत कर शून्यच राहील. दुसरी, आजच्यापेक्षा कुणालाही जास्त भरावं लागणार नाही. तिसरी, पुढच्या रुपयावरचा दर कुठेही ३५ टक्क्यांच्या वर जाणार नाही. चौथी, सरकारचा एकूण महसूल घटणार नाही.

उत्तर: अशक्य. आणि ते का, हे संगणकाशिवायही दाखवता येतं. भिंत काढायची तर रिबेट एकदम न काढता हळूहळू काढावा लागेल. १२ लाखांच्या वरच्या दर रुपयामागे २० पैसे काढला तर तो १५ लाखांना संपतो, मधल्या पट्ट्यात दर १५ अधिक २०, म्हणजे ३५. आज १२.५० लाखवाला ५०,००० भरतो, तो १७,५०० भरेल. १३ लाखवाला ७५,००० ऐवजी ३५,०००. १४ लाखवाला ९०,००० ऐवजी ७०,०००. १५ लाखांना दोन्हीकडे १,०५,०००. (सेस सगळीकडे वगळला आहे.) काहींचा कर घटला, वाढला कुणाचाच नाही, तर महसूल घटणारच.

म्हणून चारांपैकी एक अट सोडावी लागते. कुठली, ते गणित सांगत नाही. पण प्रत्येक अट किती महाग आहे ते सांगतं. दुसरी अट सोडून १५ लाखांच्या वरच्यांकडून थोडं घ्यायचं, की पहिली सोडून शून्याची रेषा खाली आणायची? प्रत्येक पर्यायाला किंमत लावून मिळते. तिसऱ्या अटीत ३५ ऐवजी ३० केलं तर रिबेट १६ लाखांपर्यंत खेचावा लागतो, महसूल आणखी घटतो, आणि १२ ते १६ ला ३० व १६ ते २० ला २० असा उलटा उतार तयार होतो. विभागाने प्रसिद्ध केलेले उत्पन्नगटांचे तक्ते मोठ्या टप्प्यांचे आहेत, या अरुंद पट्ट्यात नेमके किती लोक आहेत ते त्यांतून दिसत नाही, म्हणून रुपयांतला एकूण आकडा इथे देत नाही. खरी विवरणपत्रं ज्यांच्याकडे आहेत त्या मंत्रालयाला हे एका दुपारचं काम आहे.

रानजाई, तुमची भीती मी गंभीरपणे घेतो. पण आज काय होतंय? या चार अटींपैकी तिसरी अट कुणीतरी सोडलीय, कुणालाही न सांगता. गणित मांडलं असतं तर "१२.५० लाखवाल्याकडून रुपयाला रुपया घेऊ, पण १५ लाखांच्या वरच्यांना हात लावणार नाही" हे वाक्य कुणाला तरी संसदेत उभं राहून म्हणावं लागलं असतं.

रानजाई

हे असं असेल तर माझा पाठिंबा. एक अट माझी: अटींची यादी अर्थसंकल्पाच्या कागदपत्रांत छापा, मराठीसकट सगळ्या भाषांत. आणि यादीत व्यवसाय कराची २५,००० ची भिंत घ्या.

आकडेमोड

घेतली. तिथे कलम २७६ ची २,५०० ची मर्यादा हीच सर्वांत महाग अट ठरते आहे. वरच्यांकडून जास्त घेता येत नाही, म्हणून खालच्या भिंतीचा उतार करायला पैसेच उरत नाहीत.

खर्चीवाला

आणि दर बदलताना सूत-कापडाची ती एका ओळीची चाळणी दर वेळी लावा म्हणावं.

सांगलीकर_सीए

आकडेमोड, तुमची फाइल ५० लाखांवर चालवून बघा. तिथे १० टक्के अधिभार सुरू होतो. ५० लाखांवर कर १०,८०,०००, अधिभार १,०८,०००. मार्जिनल रिलीफ धरून माझ्या हिशोबाने ५०,००,००० ते ५१,६१,१९४ हा पट्टा पुन्हा रुपयाला रुपया. १ कोटी आणि २ कोटींवरही तसंच.

आकडेमोड

बरोबर, ५१,६१,१९४ च येतं. तिथे कमाल दर ५० टक्के ठेवला तर उतार ५६,३५,२९४ पर्यंत न्यावा लागतो. १ आणि २ कोटींचे आकडे रात्री टाकतो. जुन्या प्रणालीतली ५ लाखांची भिंत आधी घेऊ का?

सांगलीकर_सीए

आधी तीच घ्या. तिथे अडकणाऱ्याला सीएची फी परवडत नाही.